लक्कव्वाच्या लेकींची लुगडी

१

चैत्र निम्मा सरला. सीना नदीकाठचे सगळे लिंब बारीक पांढऱ्या फुलोऱ्यानं घमघमायला लागले, आणि लक्कव्वा देवीच्या बनातले लिंब मात्र आभाळाकडं कोरडे हात करून उभे राहिले. सगळे नव्हेत, मधले थोरले तेवढेच. अंगावर कुऱ्हाडीचा घाव नाही, वीज पडलेली नाही, वणवा लागलेला नाही. उभ्याउभी मेलेली झाडं.

ही बातमी शिवशरण जमादाराला सोनाबाईनं आणून दिली. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्याची खोली होती. ती उंबऱ्यावरच बसली, आत ये म्हटलं तरी येईना. एसटीच्या धुळीनं तिचे केस पिकल्यासारखे दिसत होते.

"माझ्या मालकावर आळ घातलाय, जमादार. म्हनत्यात, मायाप्पानंच मारली झाडं. त्याची आकडी घावली की बनात."

आकडी म्हणजे लांब काठीला बांधलेला कोयता. धनगर तिनं उंच फांदीचा पाला ओढून शेळ्यांपुढं टाकतात.

"मग?"

"जत्रंच्या दुसऱ्या दिवशी गाव बसनार हाय. आमाला गावाभाईर काढायचं ठरलंय. चार शेळ्या आन म्हातारी सासू घिऊन आमी कुटं जायाचं?"

शिवशरण पोलीस खात्यातून निवृत्त झालेला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. गावात त्याचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण महादेवी. लक्कव्वाची पूजा तिच्याकडं, बनाची राखण तिच्याकडं. सारा गाव तिला अक्का म्हणायचा.

"बन अक्काच्या ताब्यात. ती काय म्हणते?"

सोनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अक्का बोलंनाशाच झाल्यात. मी पाया पडले, तर तोंड फिरवून आत गेल्या."

शिवशरणला हे पटलं नाही. गल्लीत मांजराचं पिल्लू मेलं तरी अक्का त्याला सांगावा धाडायची. आणि बनातली झाडं वाळली, हे त्यानं धनगराच्या बायकोकडून ऐकावं?

त्यानं टोपी घातली आणि खोलीला कुलूप लावलं.

२

लिंबगी हे सीनेच्या वळणावरचं गाव. निम्मं मराठी बोलणारं, निम्मं कानडी, आणि भांडताना दोन्ही बोलणारं. गावाच्या खालच्या अंगाला लक्कव्वाचं बन. तिथली झाडं म्हणजे देवीच्या लेकी. हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, ही गावाची आण. वाळलेलं झाड मात्र देवीनं सोडलं असं समजून लिलावात काढायचं आणि पैसा गावाच्या कामाला लावायचा. ज्या घरची लेक सासरी जाईल त्या घरच्या बाईनं बनातल्या एका झाडाला लुगडं नेसवायचं. नेसवायचं ते अक्काच्या हातानं. एकदा नेसवलं की ते लुगडं उन्हापावसानं झिजून आपोआप गळेपर्यंत तसंच. पुरुषाचा हात त्याला लागायचा नाही. लेकीच्या अंगावरचं वस्त्र कोण ओढतं?

शिवशरण लहानपणी इथंच खेळला होता. जात्यावर बसून अक्का म्हणायची,

लिंबाच्या सावलीला भाऊ माझा गं बसला
त्याच्या अंगाचा घाम पानापानानं पुसला

ती ओवी त्याच्यावरच रचलेली होती. ठाण्यात आरोपींच्या तोंडून घाणेरडं घाणेरडं ऐकून घरी आला की तो हीच ओवी मनात म्हणून झोपायचा.

अक्का चुलीपुढं होती. त्याला बघून उठली नाही.

"आलास? कुनी बोलावलं?"

"तू बोलावलं नाहीस म्हणून आलो."

तिनं ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, वर तेल सोडलं. तिच्या अंगावर गुडघ्यापाशी ठिगळ लावलेलं जुनंच लुगडं होतं. शिवशरणला नेहमीसारखं वाईट वाटलं. दुष्काळ सरला त्या वर्षापासून तो दर भाऊबीजेला तिला लुगडं द्यायचा. शिवाय जत्रेच्या आधी गिरणीच्या दुकानातून काठाची वीण चुकलेली डागी लुगडी स्वस्तात घेऊन गठ्ठाच धाडायचा. अक्कानंच तसं मागितलं होतं. ज्या लेकींना कुणी नेसवत नाही, त्यांना आपण नेसवू, तम्मा, असं ती धाकट्या भावाला म्हणाली होती.

"एखादं तरी स्वतः नेसायचं होतंस."

"मला काय करायचंय."

"झाडं कशानं गेली, अक्का?"

तिनं चुलीत फुंकर घातली. धूर झाला. त्या धुराआडून ती म्हणाली, "देवी कोपली. तू जेव आन सांजच्या गाडीनं जा."

आयुष्यात पहिल्यांदा बहिणीनं त्याला जा म्हटलं होतं.

३

सरपंच रावसाहेबांच्या ओसरीवर सोलापूरचा वखारवाला सिद्धप्पा पाय पसरून बसला होता. लिलाव अजून पुकारला नव्हता, पण गिऱ्हाईक येऊन बसलेलं.

"शरणार्थी, जमादार," सिद्धप्पानं हात जोडून नमस्कार घातला. "गुन्हा केलेला नाही हं मी. लाकूड बघायला आलोय की."

"झाड मरायच्या आधीच बघून ठेवलं होतं का?"

सिद्धप्पा मनापासून हसला. "आमचा धंदाच तसा. माझ्या वडिलांनी शहराच्या वेशीबाहेरचं लाकूड विकलं. मी लांब घाटातनं ट्रक आणतो. शहर वाढतंय. विटांच्या भट्ट्या, घरांच्या चौकटी, हॉटेलांच्या चुली. जितकं वाढेल तितकं रान लांब पळतं बघा. तुमच्याकडं जवळ लाकूड आहे म्हटल्यावर मी का घरी बसू?"

रावसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी नदीकडं हात केला. "जमादार, तुमी शेरात ऱ्हाता. नळ सोडला की पानी. हितं दुष्काळात बायांनी सडकंवर खडी फोडली. तवा लक्कव्वानं काय दिलं? पाला. आता नदीवर इंजान बसवायचं, पाट काडायचा, ऊस लावायचा. कारखाना ऊस घ्यायला तयार हाय. लाकडाच्या पैशात इंजान येतंय. गाव वर येऊ द्या, मग पायजे तेवडी झाडं लावू. पैकंवाली गावं बागा लावत्यात."

"आणि पाट कुठून जाणार?"

"बनातनं. सरळ वाट तीच हाय."

म्हणजे सगळंच बन जायचं होतं. वाळलेलं आज, उरलेलं वाळेल तेव्हा.

"मायाप्पानं झाडं मारल्याचं कुणी बघितलं?"

"बघाय कशाला पायजे? आकडी घावली न्हवं का. दुष्काळात त्यानं देवीचा पाला वरबाडलेला साऱ्या गावानं बघितलाय."

त्यात खोटं काही नव्हतं. शिवशरण उठला. बनाच्या कडेनं चुना फासलेले खुणेचे दगड रोवले होते. पाट कुठून जाणार ते दाखवणारे. सवयीनं तो त्यांच्या मागं मागं चालत गेला. ते कुठं वळतात ते त्यानं पाहून ठेवलं. पण त्या दगडांचा आणि मेलेल्या झाडांचा संबंध त्याला अजून लागत नव्हता.

४

मायाप्पा शेळ्या कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याला गाठी मारत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"या, जमादार. बेड्या आनल्यात का दोरीवरच भागवनार?"

"तुझी आकडी बनात कशी गेली?"

"तिलाच इचारा. माज्याकडनं तर दुष्काळातच गेली. पाला तोडताना धरलं मला, रावसाबांनी चावडीत आकडी काडून घेतली, वर दंड लावला. परत दिली न्हाय. नवी केली मी, ही बगा हितं टांगलीया."

"मग जुनी कुणी टाकली?"

"मी म्हनलं तर कोन ऐकतंय? मी धनगर, त्ये सरपंच." त्यानं गाठ दातानं आवळली. "एक इचारू का? मला पाला पायजे म्हून मी झाड मारलं म्हनत्यात. मेलेल्या झाडाला पाला असतोय व्हय?"

शिवशरणला हसू आलं नाही. इतकी साधी गोष्ट अख्ख्या गावाला सुचली नव्हती, की सुचवून घ्यायचीच नव्हती?

तो बनात गेला. सोनाबाई घागर घेऊन मागून आली आणि बांधावरच थांबली. आळ आल्यापासून त्यांच्या शेळ्यांना बनात बंदी होती. मेलेल्या थोरल्या लिंबाखाली शिवशरण उभा राहिला. बुंध्याला कमरेच्या उंचीवर निळ्या काठाचं लुगडं. वर नुसती काटक्यांची जाळी. मग त्याची नजर खाली गेली.

बुंध्याच्या तळाशी, लुगड्याच्या खाली, कोवळे तांबूस फुटवे तरारून आले होते. शेळ्या येत नव्हत्या म्हणून वाचलेले.

तो दुसऱ्या वाळल्या झाडाकडं गेला. तिथंही फुटवे. तिसऱ्याकडंही. पाण्यावाचून मेलेलं झाड मुळासकट मरतं. रोग पडला तरी असा फुटवा येत नाही. इथं मूळ जिवंत होतं आणि डोकं मेलं होतं. म्हणजे मरण मध्येच कुठंतरी बसलं होतं.

आणि मध्ये होतं लुगडं.

त्यानं भोवताली पाहिलं. हिरव्या झाडांवर गावातल्या बायांची लाल, हिरवी, पिवळी लुगडी. वाळलेल्या प्रत्येक झाडावर निळा काठ, आणि प्रत्येक काठात वीण चुकलेली. ती लुगडी त्यानं स्वतः, पेन्शनीतून, सोलापूरच्या गिरणीच्या दुकानातून घेतली होती.

५

"सोनाबाई, हे लुगडं सोड."

"नगं, जमादार. पाप लागंल."

"माझा हात चालत नाही. तुझा चालतो."

ती घागर ठेवून झाडाजवळ आली. मग पुटपुटली, "लेकी, माफ कर गं, माज्या मालकासाठी करते," आणि तिनं निरगाठ सुटेना म्हणून दात लावले. लुगडं सुटलं. एकेक फेर उलगडत खाली आला.

आत साल नव्हती. वीतभर रुंदीची साल बुंध्याभोवती गोल सोलून काढलेली. कमरेला पट्टा आवळावा तसं उघडं लाकूड. असं सोललेलं झाड उभंच वाळतं, हे कुणब्याच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण झाकलेलं कुणी बघणार नाही, हेही ज्यानं केलं त्याला ठाऊक होतं.

सोनाबाईनं तोंडावर पदर दाबला. शिवशरण खाली वाकला. उघड्या लाकडावर पिवळा थर होता. बोटानं खरवडला, वास घेतला.

हळद. तेलात कालवलेली हळद. बोट कापलं की घरची बाई लावते तशी.

तो तिथंच मातीत बसला. सिद्धप्पाला लाकूड हवं होतं, पण तो गावात आज आला होता. रावसाहेबांना बन हवं होतं, पण त्यांच्या गड्यानं कुऱ्हाड घातली असती, हळद नव्हे. घाव घालून त्याच घावावर औषध लावणारं माणूस या गावात एकच होतं. गावातल्या बायका लुगडी नेसवताना चार जणी भोवती असायच्या. त्याची लुगडी मात्र अक्का एकटीच नेसवायची, कुणी नसताना, त्याच्या नावानं.

"कळलं का हो, कुनी केलं?" सोनाबाईनं विचारलं.

त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही.

६

अक्का जात्यापाशी होती. जातं थांबलेलं. त्याच्या हातातलं निळ्या काठाचं लुगडं बघून तिनं खुंटा सोडला.

"पुरुषाचा हात लावलास?"

"सोनाबाईनं सोडलं."

"तिच्या नशिबी तेच होतं." तिनं जात्याभोवतीचं पीठ हातानं गोळा केलं. "किती सोडलीस?"

"एकच. एकच पुरलं." शिवशरणनं लुगडं तिच्यापुढं ठेवलं. "अक्का, माझ्याच लुगड्यांनी?"

"दुसऱ्या कुनाच्या मागू?"

"का?"

ती बोलायला लागली तेव्हा रडत नव्हती. तिचा सिद्धाराम, एकुलता एक, दुष्काळात भिवंडीला माग चालवायला गेला तो परत आला नाही. कोरड्या रानात येऊन काय करू, असं म्हणाला होता. रावसाहेब देवीच्या कट्ट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, पाट तुझ्याच बांधावरनं जाईल अक्का, तुझं रान भिजेल, पोरगं आपल्या पायानं परत येईल. पण बनातलं हिरवं झाड तोडता येत नाही. वाळलं तर ती देवीची इच्छा. एवढंच बोलला. सोल म्हणाला नाही. सोलायचं तिचं तिला सुचलं.

"विळ्यानं सोललं. लई रडले रे. मग हळद लावली. ज्यांना मी लहानपनी ओंजळीनं पानी घातलं, त्यांना..." ती थांबली. "लेक दिली आन लेक घेतला, असं म्हनलं देवीला. सौदा केला."

"आणि मायाप्पा? त्याचा सौदा कुणी केला?"

"त्ये मला ठावं न्हवतं. आकडी घावली तवा कळलं. तवा बोलले असते तर सगळंच गेलं असतं."

"म्हणून तू गप्प राहिलीस. सोनाबाई पाया पडली तरी."

शिवशरणनं तिला हाताला धरून उठवलं, घराबाहेर आणलं आणि खुणेच्या दगडांच्या मागं मागं चालवत नेलं. पांढरे दगड बनातून निघाले, ओढ्याशी आले आणि डावीकडं उतरले. उतारावर रावसाहेबांचं काळं रान पसरलेलं. तिचा कोरडवाहू तुकडा पार वर, माळाच्या खांद्यावर.

"पाणी चढत नाही, अक्का."

ती दगडाकडं बघत राहिली. मग वर आपल्या रानाकडं. मग पुन्हा दगडाकडं. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर खाली आला, तो तिनं सावरला नाही.

"त्यानं देवीच्या कट्ट्यावर बसून सांगितलं होतं," ती म्हणाली. "कट्ट्यावर बसून."

७

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यासमोर गाव बसलं. मायाप्पा कडेला उकिडवा, सोनाबाई त्याच्यामागं. मध्ये ती गंजलेली आकडी ठेवलेली.

रावसाहेबांनी बोलायला सुरुवात करायच्या आत शिवशरण उभा राहिला. बहिणीकडं त्यानं पाहिलं नाही. रात्रभर त्यानं एकच ठरवलं होतं, मायाप्पा सुटेल एवढंच बोलायचं.

"ही आकडी दुष्काळात पंचांसमोर चावडीत जप्त झाली होती. कुणाला आठवतंय?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हातारा खोकला. "व्हय, मी हुतो की तितं. रावसाबांच्या घरात ठिवली."

"मग रावसाहेबांच्या घरातनं ती बनात कशी चालत गेली?"

कुणी हसलं नाही. रावसाहेबांच्या कपाळावरची शीर ताठली. "म्हंजी, झाडं मी मारली म्हनायचं हाय तुमाला?"

"आकडीनं झाडं मेलीच नाहीत. एवढंच म्हणायचंय."

"मग कशानं?"

शिवशरणनं आकडी उचलून पुन्हा खाली ठेवली. तीस वर्षं त्यानं लोकांना बोलतं केलं होतं. आज स्वतःच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. आणि तेवढ्यात मागून पाय वाजले. अक्का गर्दीतून पुढं आली आणि सोनाबाईसमोर उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "समदी निळी लुगडी सोड. गावाला बघू दे माझ्या हातचं काम."

एकेक लुगडं सुटत गेलं. बाया तोंडात पदर घालून बघत होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. त्या सगळ्या आपापल्या लेकीच्या झाडाजवळ जाऊन तिचं लुगडं चाचपत होत्या. अक्कानं नेसवलेलं होतं ना. आता कुणालाच कशाचा भरवसा उरला नव्हता.

मायाप्पावरचा आळ गेला. पण बन वाचलं नाही. रावसाहेब शांतपणे म्हणाले, "झालं त्ये वाईटच. पर वाळलं त्ये वाळलं. देवीचा पैसा वाया कशाला घालवायचा?" आणि जे कालपर्यंत देवीच्या झाडांची आण सांगत होते तेच आज गप्प राहिले. ऊस सगळ्यांनाच हवा होता. दुपारी सिद्धप्पाचा ट्रक बनात शिरला.

शिवशरण सांजच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होता. अक्का त्याला पोचवायला आली नाही.

८

दिवाळी झाली. मायाप्पा शेळ्या विकायला सोलापूरच्या बाजारात आला आणि जमादाराच्या खोलीवर येऊन पाणी प्याला.

"इंजान बसलं," तो म्हणाला. "रावसाबाचा ऊस ढोपराएवडा झालाय. सिद्धाराम काय आला न्हाय."

"अक्का?"

मायाप्पानं तांब्या खाली ठेवला. "भाऊबीजंला तुमी आला न्हाई. बाया म्हनल्या, चांदाला ओवाळ, ज्यांना भाऊ न्हाय त्या चांदाला ओवाळत्यात. तर म्हनाली, माजा भाऊ हाय. आन ताट घिऊन बनात गेली. थोरला लिंब तोडला न्हवं, त्याच्या बुडक्याला फुटवा आलाय, त्यालाच ओवाळलं."

शिवशरण खिडकीतून रस्त्याकडं बघत होता. समोर नवी इमारत उठत होती. तिच्या दाराची ताजी चौकट कुणीतरी तेल लावून उन्हात उभी केली होती.

"केवढा झालाय फुटवा?"

"माज्या कमरंला लागतोय. काटं लावून ठिवलेत अक्कानं. शेळ्या मी तिकडं न्हेतच न्हाय."

शिवशरण उठला. ट्रंक उघडली. सवयीनं घेऊन ठेवलेलं निळ्या काठाचं लुगडं घडीतच होतं. त्यानं काठावरून बोट फिरवलं, वीण चुकली त्या जागी थांबलं.

"हे घेऊन जा."

"अक्काला?"

"सोनाबाईला."

मायाप्पानं ते कागदात गुंडाळलं, काखेत धरलं आणि दाराशी घुटमळला. "अक्काला काय सांगू?"

रस्त्यावर सुतारानं चौकटीवर हातोडा मारला, तसा शिवशरण भानावर आला.

"सोनाबाईला सांग," तो म्हणाला, "नेसायला दिलंय. कुठं बांधायला नव्हे."